आतून जाऊ

स्कॉटलंडमधल्या अर्ड्रिशिग गावातून क्रिनन कालव्याच्या काठाने चालत निघाले होते, वाटेत एका लॉकपाशी, म्हणजे बोटीला पाण्याच्या वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या दारबंद हौदापाशी, शिडाची बोट अडकलेली दिसली. बोटीवरचे आजोबा दाराच्या लांबलचक लाकडी दांड्याला पाठ लावून, टाचा रोवून रेटत होते. दार ढिम्म. आजी शेजारी हाताची घडी घालून उभ्या. आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीला आलं, तशा त्या पुढे झाल्या, दांड्याला पाठ टेकवली आणि दार निमूट उघडलं.

क्रिननपर्यंत अशी १५ लॉक आणि कालवा जेमतेम १४ किलोमीटरचा. म्हणे शॉर्टकट!

आमच्या बाबांना असे रस्ते फार प्रिय. कात्रजहून चिंचवडला आत्याकडे निघालो की चेतकवर पुढे मी उभी, मध्ये धाकटा, मागे आई, आणि बाबांचं ठरलेलं वाक्य, "आतून जाऊ." आतून म्हणजे पेठा, मग कुठल्या कुठल्या सोसायट्या, एकदा तर चक्क लग्नाचा मांडव. पोचेपर्यंत आत्याचं वरण गार.

स्कॉटलंडच्या या किनाऱ्यावरून १८४७ च्या ऑगस्टमध्ये व्हिक्टोरिया राणीही आतूनच गेली. सजवलेली नाव, ओढायला तीन घोडे, त्यांच्यावर लाल डगल्यातले स्वार. दीड तासाच्या वाटेला अडीच तासांवर लागले, आणि लॉकचा कंटाळा आल्याचं तिने रोजनिशीत लिहून ठेवलंय. आमची आई रोजनिशी लिहीत नव्हती, एवढाच फरक.

कालवाही रखडतच झाला. १७९४ ला काम सुरू, पैसे संपले, १८०१ ला तसाच अर्धामुर्धा खुला. पुढे थॉमस टेलफर्ड या इंजिनिअरला बोलावून दुरुस्त्या करून घ्याव्या लागल्या. (ओळखीचं वाटतंय ना?)

पण कालवा नसता तर किनटायर द्वीपकल्पाच्या टोकाला वळसा घालावा लागायचा. तिथे समुद्राला जबर ओढ, वर अटलांटिकचा वारा. हेरिंग मासे पकडणाऱ्या छोट्या होड्या, बेटांवर कोळसा नेणाऱ्या, लॉकमध्ये मावाव्यात म्हणून ८८ फुटांत बसवलेल्या 'पफर' आगबोटी. भर हिवाळ्यात त्या टोकाला जायचं नाही, एवढ्यावरच त्यांचं भागलं असेल. किती तास लागले, हे राणीने मोजावं.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर तेव्हा ट्रक कसे अंगावर यायचे ते आठवतंय. आणि चेतकवर आम्ही चौघं.

बाबांना विचारलं तर म्हणतील, छे गं, पेट्रोल वाचायचं.