पांढऱ्या घोड्यावरचं माणूस

काल रात्री दोनपर्यंत जागून एका पॅरानॉर्मल मिस्ट्री सिरीजचा तिसरा भाग संपवला आणि तेव्हापासून नुसती चिडचिड होतेय. म्हणजे मजा आली, खोटं कशाला बोलू, आयर्लंडमधलं गाव, दगडांच्या वर्तुळात सापडलेलं प्रेत, एक घुम्या डिटेक्टिव्ह आणि एक फेअरी राजकुमार ज्याचे डोळे दर पाच पानांनी चमकतात. पण त्या राजकुमाराच्या जागी व्हॅम्पायर टाकला असता तरी काहीच अडलं नसतं, हे माझं दुखणं. केल्टिक, म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जुन्या लोककथा म्हणजे नुसतं नेपथ्य. बॅन्शीचा, म्हणजे तिकडच्या रडणाऱ्या बाईभुताचा, तर भोंगा करून टाकलाय, ती बिचारी कोणाला मारत वगैरे नाही, ठरावीक घराण्यातलं कोणी जाणार असलं की आधी येऊन रडते, बास.

आणि या कथांमध्ये रोमान्स आणि मिस्ट्री आयते एकत्र आहेत हो! स्कॉटलंडच्या जुन्या लोकगीतातला टॅम लिन घ्या. जॅनेटचं त्याच्यावर प्रेम, पोटात त्याचं बाळ, आणि तो परीराणीच्या तावडीत. हॅलोविनच्या मध्यरात्री परीलोकांची स्वारी निघते, काळा घोडा जाऊ द्यायचा, तपकिरी जाऊ द्यायचा, पांढऱ्यावरच्याला, म्हणजे टॅम लिनला, खाली ओढायचं आणि मिठी सोडायची नाही. मग तो तिच्या हातात साप होतो, अस्वल होतो, तापलेलं लोखंड होतो. ती सोडत नाही. समोर दिसतंय ते जनावर आहे पण हा माझाच माणूस आहे, एवढ्या एका खात्रीवर सगळं.

आता याची उलटी बाजू, आणि ही गोष्ट नाही, खरी घडलेली आहे. १८९५, आयर्लंडमधलं टिपेररी. ब्रिजेट क्लीअरी, शिवणकाम करणारी, घरात स्वतःचं सिंगर मशीन, कोंबड्या पाळून अंडी विकायची. मार्चमध्ये ती आजारी पडली आणि नवरा मायकेल म्हणायला लागला की ही माझी बायको नाहीच, परीलोकांनी तिला नेऊन ही दुसरीच कोणी ठेवलीय. कडू काढे पाजले, देवाचं नाव घेऊन सांग तू ब्रिजेटच का म्हणून पुन्हा पुन्हा विचारलं, तिने सांगून पटेना, शेवटी दिव्याचं तेल ओतून जाळलं. त्यानंतर हा माणूस काळ्या मुठीची सुरी घेऊन जवळच्या जुन्या मातीच्या गढीपाशी (परीलोकांचं घर मानतात ती) रात्री जाऊन बसला, का तर खरी ब्रिजेट तिथून पांढऱ्या घोड्यावर बाहेर येईल, दोर कापून तिला सोडवायचं. पांढराच घोडा! वाचताना अंगावर सर्रकन काटा आला माझ्या. सदोष मनुष्यवधासाठी १५ वर्षं तुरुंगात होता तो.

हे माणूस माझंच आहे का, हा प्रश्न जॅनेटलाही होता नि मायकेललाही. आता सांगा, याहून मोठी मिस्ट्री काय लिहिणार? आणि आमच्या सिरीजमध्ये हिरोइनला एकदासुद्धा शंका येत नाही, कारण राजकुमाराच्या जबड्याची ठेवण चांगली आहे.

असो. चौथा भाग डाउनलोड केलाच आहे (हो, मी अशीच आहे), त्यात म्हणे सेल्की आहे. समुद्रातल्या सील प्राण्याचं कातडं उतरवून बाई होणारी, ते कातडं लपवून तिच्याशी लग्न केलेलं असतं आणि सापडलं की मुलंबाळं सोडून ती सरळ समुद्रात. निदान कातडं कोणी लपवलं, एवढा तरी तपास करा रे त्या डिटेक्टिव्हला सांगून.