निळ्या कागदावरचा वारा

रविवार, रात्री

आज सकाळी दोन्ही मुले, त्यांचे आजोबा आणि मी असे चौघे कागद, मेणखडू आणि पाण्याची बाटली घेऊन झाडीत जाऊन बसलो. आपण होऊन काही शिकवायचे नाही, एवढेच मी मनाशी ठरवले होते. ते पाळणे मात्र अवघड गेले.

सुरुवात पानांच्या ठशांनी झाली. पान पालथे ठेवून, म्हणजे शिरांची बाजू वर करून, त्यावर पातळ कागद धरायचा आणि मेणखडू आडवा करून हलक्या हाताने फिरवायचा. धाकटीचा कागद सारखा सरकत होता, तेव्हा आजोबांनी काही न बोलता दोन बोटे त्याच्या कोपऱ्यांवर टेकवली आणि पान पुरते उमटेपर्यंत उचलली नाहीत. आधी मधली शीर आली, मग तिच्या बारीक उपशिरा आणि शेवटी कडेजवळचे किड्याने कुरतडलेले भोक. "हे कोणी खाल्लं?" असे तिने विचारले आणि मग आजोबा व नात दोघेही कितीतरी वेळ पानांच्या पाठी तपासत राहिले. मला तो वेळ फार मोलाचा वाटला.

थोरल्याला सायनोटाइप, म्हणजे उन्हाने कागदावर उमटवलेली निळी प्रतिमा, करायचे होते. ही रीत इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधली आणि वनस्पतिशास्त्रज्ञ अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी १८४३ पासून शैवालांच्या अशाच निळ्या प्रतिमांचे पुस्तक भागाभागाने काढले, हे मी त्याला सांगितले, कारण त्याने विचारले होते. लोहक्षारांचा लेप दिलेल्या कागदावर जिथे ऊन पडते तिथे निळा रंग धरतो. झाकलेल्या भागातला लेप पाण्याने निघून जातो आणि तिथे पांढरी आकृती उरते. त्याने नेच्याचे पान मांडले, पण वर ठेवायची काच मी घरीच विसरले होते आणि मध्येच आलेल्या वाऱ्याने पानाचे टोक हलले. कागद धुतल्यावर देठाकडचा भाग रेखीव उमटला होता, टोकाला मात्र फिकट दुहेरी सावली होती. मी लगेच दुसरा कागद पुढे केला. "नको, यात वारा आलाय," असे म्हणून त्याने तो परत केला, आणि मला माझी घाई जाणवली.

कागद आता टेबलावर वाळतो आहे. धुतल्यावर फिका वाटलेला निळा रंग आता चांगलाच गडद झाला आहे. पुढच्या वेळी काच न्यायची की नाही, हे मी त्यालाच विचारणार आहे.