तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या डबीत काय असतं

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये माझी डबी उघडली की कुणीतरी मान लांब करून बघतंच. सोमवार ते रविवार असे सात कप्पे असलेली साधी प्लॅस्टिकची गोळ्यांची डबी. मग प्रश्न येतो, "मॅडम, तुमचं पोट कशानं बरं झालं हो? कुठलं प्रोबायोटिक घेता, ते चांगल्या जिवाणूंचं? नाव सांगा ना, आमच्या ह्यांनाही गॅसेसचा फार त्रास आहे." लग्नात विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात. दहावीचे पेपर तपासायला बसलो होतो, तिथेही शेजारच्या बाईंनी गठ्ठा बाजूला सारून विचारलं होतं.

आजवर हसून वेळ मारून नेली. पण इतक्या जणांनी विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते. पहिली गोष्ट म्हणजे पोट बरं झालेलं नाही. सध्या गप्प बसलंय.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर सुजतं, त्यावर जखमा होतात, शौचावाटे रक्त आणि आव पडते. शरीराची राखणदार यंत्रणाच आपल्या आतड्यावर उलटते. सुरुवात गुदाशयापासून होते आणि सूज वर सरकू शकते. तुमच्या ह्यांच्या गॅसेसशी याचं काही नातं नाही.

माझं २०१४च्या दिवाळीनंतर सुरू झालं. पहिले आठ महिने मूळव्याधीच्या नावावर गेले. रक्त पडलं की मूळव्याध, हे समीकरण आपल्याकडे इतकं पक्कं आहे की ज्यांनी तपासायचं त्यांनीही न तपासता मलम लिहून दिलं. सासूबाईंनी कोकणातल्या बहिणीकडून कुड्याचं पाळ, म्हणजे मूळ, मागवलं. मी तेही उगाळून घेतलं. जुलाबाला कुडा देतात हे खरं, पण माझा आजार जुलाबाचा नव्हता.

दिवसाला दहा-बारा वेळा जावं लागे. शाळेचा तास ३५ मिनिटांचा, आणि मला ३५ मिनिटं काढणं शक्य नव्हतं. मुख्याध्यापकांना सांगून तळमजल्यावरचा, स्वच्छतागृहाजवळचा वर्ग मागून घेतला. कारण काय सांगितलं? गुडघे दुखतात. फळ्यावर एक लांबलचक समीकरण लिहायचं, "सोडवा, मी आलेच" म्हणायचं आणि पळायचं. त्या वर्षीच्या आठवीचं बीजगणित फार पक्कं झालं.

शेवटी मिरजेला दुर्बिणीची तपासणी झाली. आतड्याचा तुकडा तपासला, तेव्हा आजाराला नाव मिळालं. हिमोग्लोबिन ७.८ होतं. आलेला थकवा मी वय झालं, दगदग झाली, अशा खात्यावर टाकून दिला होता.

सुरुवातीला मला सल्फासलाझिन दिलं. पिवळट-केशरी रंगाची जुनी, स्वस्त गोळी. लघवीसुद्धा केशरी होते. आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरून मरेल. तुम्ही आतड्यातल्या जिवाणूंबद्दल विचारता, म्हणून या गोळीची गोष्ट सांगावीशी वाटते. स्वीडनमधल्या नान्ना स्वार्ट्झ या डॉक्टरबाईंनी १९४०च्या आसपास सांधेदुखीवर उपाय म्हणून एक सल्फा औषध आणि सॅलिसिलिक आम्लाचा एक भाऊबंद एकमेकांना जोडून हे औषध करवून घेतलं. उपयोग झाला तो पोटाच्या रोग्यांना. का, तर ही जोडगोळी लहान आतड्यातून बरीचशी तशीच पुढे जाते. मोठ्या आतड्यात पोचली की तिथले जिवाणू तो जोड तोडतात आणि सुजेवरचा भाग नेमका सुजेच्या जागी मोकळा होतो. म्हणजे जिवाणू आपलं काम करत होतेच, मी कुठलीही पावडर घ्यायच्या आधीपासून.

या गोळीचा एक त्रास असतो: ती फॉलिक आम्ल नीट शोषू देत नाही. म्हणून रोज फॉलिक आम्लाची बारीक पिवळी गोळी. माझ्या डबीत शिरलेलं पहिलं सप्लिमेंट ते. पुढे डॉक्टरांनी औषध बदलून मेसालामिन, म्हणजे त्या जोडगोळीतला नुसता सुजेवरचा भाग, दिलं, कारण संपलं, तशी ती पिवळी गोळीही डबीतून गेली. प्रत्येक गोळीला यायचं कारण असावं आणि जायचंही असावं, हे तेव्हापासून डोक्यात बसलं.

लोहाचंही तसंच. आधी लोहाच्या गोळ्या दिल्या. त्यानं पोटात ढवळायचं, शौच काळी व्हायची, आणि रक्त पडतंय की नाही हे बघायची माझी रोजची सोयच गेली. सूज जोरात असताना तोंडाने घेतलेलं लोह अंगीही कमीच लागतं. मग शिरेतून लोह दिलं, दोन महिन्यांत जिने चढताना धाप लागेनाशी झाली. ड जीवनसत्त्व ९ निघालं होतं (२०च्या खाली कमतरता धरतात), तेव्हा ६०,००० युनिटांचं पाकीट, आठवड्याला एक, आठ आठवडे. यात 'आठवड्याला' हा शब्द महत्त्वाचा. एका सहकारी बाईंच्या यजमानांनी ते रोज एक असं दीड महिना घेतलं. उलट्या, भ्रमिष्टपणा, रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं. दवाखान्यात आठवडा काढला. जीवनसत्त्वच ते, जास्त झालं तर काय बिघडतंय, म्हणे. बी-१२ मी घेते, पण त्याचा दोष आजाराला देऊ नका. ते शोषलं जातं लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, माझा तो भाग ठणठणीत आहे. ते कमी आहे कारण आमच्या घरात तीन पिढ्या अंडंसुद्धा शिजलेलं नाही.

आता हळद. सांगलीत राहून हळदीवर वाईट बोलायचं म्हणजे घरी राहण्याची चोरी. इथल्या मार्केट यार्डात राजापुरी हळदीचे सौदे निघतात, हरिपूरला हळद साठवायची पेवं होती, २०१८मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यामुळे मला हळदीचा सल्ला न दिलेला माणूस या गावात शोधून सापडायचा नाही. आणि गंमत अशी की हळदीतल्या कर्क्युमिनवर खरंच काम झालेलं आहे. २००६मध्ये जपानी डॉक्टरांनी माझ्याच आजाराच्या, पण त्या वेळी शांत असलेल्या ८९ रोग्यांवर प्रयोग केला. निम्म्यांना सहा महिने रोज २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं, बाकीच्यांना औषध नसलेली नुसतीच गोळी. कर्क्युमिनवाल्यांचा आजार कमी वेळा उलटला.

मी गणिताची बाई. त्रैराशिक मांडल्याशिवाय राहवत नाही. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के. २ ग्रॅम हवं तर हळद लागेल ६५ ग्रॅमच्या वर, म्हणजे रोज वीस-बावीस चमचे. दुधात चिमूटभर टाकून ते भागत नाही. कॅप्सूल घेतली तर भागेल, पण बऱ्याच कॅप्सूलमध्ये शोषण वाढावं म्हणून मिऱ्याचा अर्क घातलेला असतो, आणि अशा कॅप्सूलनंतर यकृताला सूज आल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. मी अशा कॅप्सूलची डबी दाखवली तेव्हा डॉक्टरांनी चष्मा वर करून मागचं लेबल वाचलं आणि टेबलाच्या खणात टाकली. परत दिली नाही. आणि त्या जपानी प्रयोगातली जी ओळ कुणी सांगत नाही ती ही: दोन्ही गटांची नेहमीची औषधं चालूच होती.

ती ओळ मीही विसरले होते.

२०१८च्या शेवटी मी ठणठणीत होते. दीड वर्ष रक्ताचा थेंब नाही. मामेबहिणीच्या ओळखीतल्या एक ताई घरी आल्या, जिवाणूंची पावडर घेऊन. महिन्याला २४०० रुपये. फार गोड बोलायच्या. "अहो, गोळ्या म्हणजे नुसतं दाबून ठेवणं, हे मुळापासून आहे." 'मुळापासून' या शब्दावर मी गेले. जानेवारीपासून पावडर सुरू केली आणि मुख्य गोळी आधी निम्मी, मग बंद. डॉक्टरांना कळवलं नाही. वर्गात मुलांनी पायऱ्या गाळल्या की मी अर्धे मार्क कापते.

पहिले चार महिने छान गेले. इथेच माणूस फसतो. आजाराला जशी उलटायला घाई नसते, तसंच सूज आत वाढत असताना बाहेर काही दिसेलच असंही नसतं. जूनमध्ये पुन्हा आव दिसली. मी आंब्यांवर ढकललं. जुलैत रक्त. मग ऑगस्ट आला, २०१९चा ऑगस्ट, सांगलीकरांना पुढचं सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आमच्या तळमजल्यात पाणी, आम्ही सहा माणसं वरच्या दोन खोल्यांत. वीज नाही, नळाला पाणी नाही, खाली सगळीकडे पाणीच पाणी आणि मला दिवसाला पंधरा वेळा जायचं. दीर गच्चीवर पावसाचं पाणी धरून बादल्या भरून ठेवायचे, काही न बोलता. जाऊबाईंनी जुनी लुगडी फाडून दिली. तिसऱ्या दिवशी बोटीतून बाहेर काढलं तेव्हा बोटीतल्या पोरांना मी एवढंच विचारलं, किती वेळ लागेल.

लोक म्हणतात पुराच्या ताणानं तुमचं उलटलं. ताणाची भर पडली असेल, पण गोळी मी जानेवारीत सोडली होती. नंतर शौचाची कॅलप्रोटेक्टिन नावाची तपासणी केली. आतड्याला सूज किती, ते तिच्यावरून कळतं. ५०च्या आत असलं की निवांत, २५०च्या वर गेलं की गडबड. माझं १२८० आलं. स्टेरॉइडवर तीन महिने गेले. चेहरा सुजून असा गोल झाला की पाचवीतल्या एका मुलीनं "बाई, तुम्ही किती छान झालात" असं मनापासून सांगितलं.

त्या पावडरवर माझा आता राग नाही, पण गणित तिचंही केलं. २००९मध्ये लुधियानातल्या डॉक्टरांनी छापलेल्या एका प्रयोगात आठ प्रकारच्या जिवाणूंचं मिश्रण या आजारावर वापरलं होतं आणि गुण आला होता. मात्रा किती? दिवसाला ७ लाख कोटींहून अधिक जिवाणू. माझ्या पाकिटावर लिहिलं होतं ५०० कोटी. म्हणजे तेवढी मात्रा गाठायला रोज चौदाशे चाळीस पाकिटं. शिवाय जिवाणू म्हणजे सगळे एकाच माळेचे मणी नव्हेत. जर्मनीत आल्फ्रेड निसल नावाच्या डॉक्टरांनी १९१७मध्ये एका सैनिकाच्या शौचातून एक जिवाणू वेगळा केला. बाकीच्यांना जुलाबाची साथ लागली तरी त्या सैनिकाला काही झालं नव्हतं. तो जिवाणू आजही निसलांच्या नावानं ओळखला जातो, आणि आजार शांत ठेवायला तो मेसालामिनच्या जवळपास उतरतो असं तुलनांमध्ये दिसलं. पण म्हणून त्याचं पुण्य दुकानातल्या प्रत्येक पाकिटाला लागत नाही. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२०मध्ये सांगितलं की या आजारात प्रोबायोटिक प्रयोगाच्या चौकटीतच वापरा. तेव्हा नाव काय सांगू तुम्हाला?

दही मात्र मी रोज खाते. घरचं, सासूबाईंच्या विरजणाचं. त्यात कुठले जिवाणू आहेत आणि किती, देव जाणे, औषध म्हणून खात नाही, आवडतं म्हणून खाते. कढीही आवडते, त्यातले बिचारे उकळून मेलेले असतात. पोट बिघडलेलं असताना दुधाचा चहासुद्धा सोसत नाही, तेव्हा मऊ भात, मुगाचं वरण, वर थोडं तूप. कोशिंबीर, शेंगदाणे, भडंग बंद. शांत असताना ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पेरू, सगळं. तिखटानं मला आग होते, पण तिखटानं हा आजार झालेला नाही, हे सासूबाईंना पटवायला सहा वर्षं लागली. अंगदुखीला दुकानातून उठून आयबुप्रोफेनसारखं वेदनाशामक आणणं मात्र कायमचं बंद केलं. त्यानं हा आजार उसळू शकतो. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल.

तर आज डबीत मेसालामिन, आठवड्याला एक बी-१२, महिन्याला एक ड जीवनसत्त्वाचं पाकीट. एवढंच. मागच्या वेळचं कॅलप्रोटेक्टिन ६४ होतं. आजाराला आठ वर्षं उलटली की ठराविक अंतरानं दुर्बीण टाकून घ्यावी लागते, कारण मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो. तीही करून घेतली. आदल्या दिवशीचं ते पोट साफ करायचं खारट पाणी प्यायला कुणीही विचारत नाही, "मॅडम, नाव सांगा ना."

मागच्या आठवड्यात आमच्या जुन्या शेजारीणबाईंचा मेसेज आला. पुतण्या २२ वर्षांचा, पुण्याला नोकरीला, दोन महिने रक्त पडतंय, मूळव्याधीचं औषध चालू आहे, सोबत घ्यायला तुमच्या पावडरचं नाव द्या. मी नाव दिलं नाही. लिहिलं की आधी पोटाच्या डॉक्टरांना दाखवा, दुर्बिणीची तपासणी लागेल का विचारा, हिमोग्लोबिन बघा, थांबू नका. दोन निळ्या खुणा आल्या आहेत. उत्तर अजून नाही. आज शाळा सुटली की फोनच करणार आहे.