सेस्नाच्या अँमीटरची थरथरती सुई : माझा अनुभव

विमान चार आसनी, एका इंजिनाचं सेस्ना १७२, साधारण १९८० च्या सुमाराचं. मालक स्वतःच उडवतात. दिवाळीच्या सुट्टीत ते देशावरून सिंधुदुर्गातल्या चिपीला आले आणि उतरण्याआधी लँडिंग लाइट लावल्याबरोबर अँमीटरची, म्हणजे विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरची, सुई थरथरायला लागली. ‘लो व्होल्टेज’चा लाल दिवाही मधूनमधून लुकलुकत होता. मी तेव्हा मालवणला घरीच होतो आणि पिस्टन इंजिनाच्या विमानांच्या देखभालीचं बी-१.२ लायसन्स माझ्याकडे आहे, म्हणून फोन मला आला.

विमानाचं इंजिन यामुळे बंद पडत नाही, हे आधी सांगून टाकतो. ठिणगी इंजिनाबरोबर फिरणाऱ्या दोन मॅग्नेटोंकडून येते, त्यांना बॅटरी लागत नाही. पण अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारं यंत्र, गेला की रेडिओ, ट्रान्सपॉन्डर, दिवे, फ्लॅप सगळं बॅटरीवर येतं आणि बॅटरी किती वेळ पुरेल ते सांगता येत नाही. एकीकडे समुद्र आणि दुसरीकडे सह्याद्री असताना तसं उडायला मी कुणालाही सांगणार नाही.

चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला. परुळ्याजवळच्या जांभ्याच्या सड्यावर अडीच किलोमीटरची धावपट्टी आहे आणि समुद्र जवळ असल्याने दुपारी खारा वारा थेट अंगावर येतो. आत जायला पास आणि हत्यारांची यादी लागते. स्क्रू ड्रायव्हरपासून मल्टिमीटरपर्यंत सगळं यादीत लिहायचं आणि बाहेर पडताना तेच मोजून दाखवायचं. त्यात सकाळ गेली. मालकांच्या देखभाल संस्थेशी फोनवर बोलून काम माझ्याकडे घेतलं, मगच काऊल (इंजिनावरचं झाकण) उघडला.

मालकांनी फाइल पुढे केली. हाच त्रास आधीही झाला होता. तेव्हा एका वर्कशॉपने आधी रेग्युलेटर (अल्टरनेटरचा व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग) बदलला, त्याने फरक पडेना म्हणून अल्टरनेटरही नवा बसवला. काही दिवस बरे गेले आणि सुई पुन्हा थरथरायला लागली. बिलं पाहून माझा जीव हळहळला. दोन्ही वस्तू महागड्या, आणि त्या बिघडल्या आहेत का हे तपासल्याची एकही नोंद फाइलमध्ये नव्हती.

मी त्यांना एवढंच विचारलं, “सर, सुई कधी जास्त हलते?”

“लोड वाढला की. लँडिंग लाइट आणि पिटॉट हीट दोन्ही लावले की फारच.”

पिटॉट हीट म्हणजे वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर. या उत्तराने माझं अर्धं काम झालं. या विमानाची प्रणाली २८ व्होल्टची, बॅटरी २४ ची. बसवरचा, म्हणजे सगळ्या उपकरणांना वीज वाटणाऱ्या पट्टीवरचा, व्होल्टेज फील्डच्या (अल्टरनेटरमध्ये चुंबकत्व निर्माण करणाऱ्या गुंडाळीच्या) ब्रेकरमधून, मास्टर स्विचच्या ‘अल्टरनेटर’ असं लिहिलेल्या अर्ध्या भागातून रेग्युलेटरपर्यंत येतो. रेग्युलेटर तो पाहतो आणि त्याच वाटेने अल्टरनेटरच्या फील्डला करंट देतो. या वाटेत एखादा सांधा खराब असेल तर रेग्युलेटरला बसपेक्षा कमी व्होल्टेज दिसतो. तो फील्ड वाढवतो. करंट वाढला की त्या सांध्यावरचा ड्रॉपही, म्हणजे तिथे हरवणारा व्होल्टेजही, वाढतो, म्हणजे त्याला व्होल्टेज आणखी कमी दिसतो. मग तो जास्त वर जातो, परत खाली येतो, आणि सुई नाचते. अल्टरनेटर कितीही नवा बसवा, नाचणारच.

माझे मामा मालवणात ट्रॉलरच्या डायनॅमोंचं वायरिंग करतात. त्यांना आदल्या रात्री सहज सांगितलं तर म्हणाले, “वायर खराब नसता रे बाबा, सांधो खराब असता.” बोटींवर त्यांचा हात चांगलाच बसलेला आहे.

सांधा शोधायला ओहम मोजून भागत नाही. मीटर ओहमवर लावला की तो अगदी किरकोळ करंट सोडतो, आणि काळवंडलेला कॉन्टॅक्टही तेवढ्याला वाट देतो. करंट वाहत असतानाच मोजावं लागतं. मॅग्नेटोची किल्ली काढून खिशात ठेवली, प्रॉपेलरजवळ कुणाला येऊ दिलं नाही. इंजिन बंद ठेवून मास्टरचे दोन्ही भाग चालू केले. आता रेग्युलेटर फील्डला पूर्ण करंट देत होता. लाल प्रोब बसवर, काळा रेग्युलेटरच्या इनपुटवर. हा ड्रॉप एक-दोन दशांश व्होल्टपलीकडे जाऊ नये. मीटरने १.४ दाखवला, आणि आकडा स्थिरही नव्हता.

मग वाट तुकड्यातुकड्याने मोजली. ब्रेकरवर जवळजवळ काहीच नाही. कनेक्टरवर नाही. मास्टर स्विचच्या दोन टर्मिनलवर प्रोब टेकवले तर जवळपास सगळा ड्रॉप तिथेच. पॅनेलखाली उताणा पडून एका हाताने प्रोब धरले आणि मालकांना म्हणालो, “सर, मास्टरचा लाल रॉकर बोटाने हलकेच हलवा, बंद करू नका.” आकडा ०.३ वर आला, तिथून २ च्या वर गेला, परत १.४. एवढा स्पष्ट पुरावा दर वेळी मिळत नाही. मला फार आनंद झाला.

बॅटरीची निगेटिव्ह सोडवून स्विच काढला. टर्मिनलच्या मुळाशी हिरवट थर होता आणि लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) बोटाला खरखरीत लागत होता.

दिसायला तसाच स्विच कुडाळच्या बाजारात दोन-तीनशे रुपयांत मिळाला असता. पण विमानावर बसणाऱ्या वस्तूबरोबर तिचा मंजुरीचा कागद असावाच लागतो, आणि हा नियम मला मनापासून पटतो. स्विच मुंबईत मिळाला. मालकांचा माणूस तो ८१३०-३ टॅगसह, म्हणजे त्या मंजुरीच्या कागदासह, तुतारी एक्सप्रेसने घेऊन कुडाळला उतरला. तोवर मी इंजिन आणि सांगाडा जोडणारी ग्राउंड पट्टी काढून तिचे टोक आणि बैठक घासून स्वच्छ केली. खाऱ्या हवेत उभ्या विमानाला त्याची गरज असतेच.

नवा स्विच बसल्यावर तोच ड्रॉप ०.१ आला. इंजिन चालू करून लँडिंग लाइट, पिटॉट हीट, रेडिओ सगळं एकदम लावलं. बस २८ च्या आसपास, सुई जागच्या जागी. अल्टरनेटरचा भाग मुद्दाम बंद केला तेव्हा लाल दिवा लागला, चालू केल्यावर विझला.

लॉगबुकात स्विच बदलल्याच्या नोंदीबरोबर दोन्ही ड्रॉप आणि ते कुठून कुठपर्यंत मोजले तेही लिहिलं, म्हणजे पुढच्या इंजिनिअरला ताडून बघता येईल. सही केली. मालकांना म्हणालो, आधी काढलेले अल्टरनेटर आणि रेग्युलेटर हँगरमध्ये पडलेत ना, ते भंगारात देऊ नका. बेंचवर तपासून घ्या, दोन्ही चांगले निघण्याची शक्यता मोठी आहे.