दाताच्या आतली सूज का उतरत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून. रूट कॅनालसाठी खुर्चीत बसलेले लोक हे हमखास विचारतात: "डॉक्टर, पाय मुरगळला तर सूज आपोआप उतरते, मग दाताचीच का नाही?"

ज्याला आपण दाताची नस म्हणतो, त्या पल्पमध्ये मज्जातंतूंबरोबर रक्तवाहिन्या आणि मऊ ऊतीही असतात. भोवती डेंटिन, म्हणजे दाताचा कठीण थर, बाहेरची मुख्य वाट मुळाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून. किडीतले जंतू जवळ आले की रक्तवाहिन्यांतून पाणी आणि प्रथिनं झिरपतात. पायाची कातडी ताणली तरी जाते; इथे फुगायला जागाच नाही. दाब वाढतो, ठणका लागतो.

पाणी बरंचसं शेजारच्या केशवाहिन्या परत ओढून घेतात. प्रथिनं उचलणं हे मात्र लसीकावाहिन्यांचं, म्हणजे ऊतींत साचलेला द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांचं काम. त्यांच्या भिंतीतल्या पेशी कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात आणि बारीक धाग्यांनी आजूबाजूच्या ऊतींना बांधलेल्या असतात. ऊती सुजल्या की धागे ताणले जातात, फटी उघडतात आणि प्रथिनं आत शिरतात. शिवाय सुजेत जमलेल्या मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशी व्हीईजीएफ-सी हे प्रथिन सोडतात आणि त्यामुळे नव्या लसीकावाहिन्या फुटू शकतात.

शरीरात इतरत्र बहुतेक ठिकाणी हे ठरलेलं. दातात? इथे संशोधकांचंच जमत नाही. काहींना सुजलेल्या पल्पमध्ये पातळ भिंतीच्या, रुंद लसीकावाहिन्या दिसल्या. २०१० च्या एका अभ्यासाने तर माणसाच्या पल्पमध्ये त्या नाहीतच असं म्हटलं. घोळ आहे तो लसीकावाहिनी ओळखायच्या खुणेचा. डी२-४० हे प्रतिपिंड लसीकावाहिन्यांच्या भिंतीतलं पोडोप्लॅनिन हे प्रथिन शोधतं, पण तेच प्रथिन डेंटिन बनवणाऱ्या पेशींवरही असतं. लाइव्ह-१ ही दुसरी खूण काही मॅक्रोफेजवरही सापडते, आणि सुजेत मॅक्रोफेजना काय तोटा! त्यामुळे काचपट्टीवर खूण सापडल्याचा नुसता तपकिरी रंग उमटला, की मी लगेच मान डोलावत नाही. एकाच भिंतीवर दोन खुणा आणि आत पोकळी दिसली, तर बोलू. माझ्या मते, पल्पमध्ये लसीकावाहिन्या असल्याच तर मोजक्या, आणि ऐन सुजेत त्या अपुऱ्या पडतात.

तरी सूज आली म्हणजे अख्खा पल्प गुदमरला, ही जुनी समजूत सोडा. प्राण्यांच्या दातांत दाब मोजला तेव्हा तो सुजलेल्या जागीच वाढलेला आढळला. म्हणून कीड वेळेत काढली तर पल्प वाचू शकतो. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळीने झिरपणं कमी होतं, ठणकाही कमी होतो. पण जंतू तिथेच असतात, म्हणून गोळीचा अंमल उतरला की तुम्ही परत फोन करता.