शेणोली, कुंडल, वाळवा

कराडहून मिरजेकडे जाणाऱ्या पॅसेंजरमधून शेणोलीला उतरणारे फार नसतात. स्टेशनजवळ, रुळांच्या कडेला एक छोटंसं स्मारक आहे. ७ जून १९४३ रोजी तुफान सेनेनं, म्हणजे बेचाळीसच्या चळवळीत साताऱ्याकडं उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या सशस्त्र दलानं, इथंच गाडी अडवून पगाराची सरकारी रोकड काढून घेतली. पुढं होते जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र लाड. या प्रकाराला कुणी लूट म्हटलेलं कॅप्टन भाऊंना म्हातारपणीही खपत नसे. इंग्रजांनी आपलाच नेलेला पैसा परत आणला, असं ते ठणकावून सांगायचे.

पुढची गाडी धरून किर्लोस्करवाडी, तिथून वडापनं, म्हणजे सीटवर पैसे घेणाऱ्या जीपनं, कुंडल. सोबतीला दोन्ही बाजूंना ऊस आणि द्राक्षबागा. कुंडल ही प्रतिसरकारची, म्हणजे इंग्रजांना न जुमानता चालवलेल्या समांतर सरकारची राजधानी. लोकांच्या तोंडी मात्र अजून पत्री सरकारच. चहाच्या टपरीवर एका आजोबांशी विषय काढला. म्हणाले, "आमच्या आजीनं विंग्रज कधी बगितलाच न्हवता, पावनं. सावकार मातर रोज दारात यायचा."

मला वाटतं, साताऱ्याच्या बेचाळीसची मेख इथं आहे. ठाणी आणि पोस्टं तर सगळ्या देशात जळत होती. इथं न्यायदान मंडळं बसली, सावकारांना वठणीवर आणलं गेलं, दारू बंद झाली, कमी खर्चाचे गांधी विवाह लागले. हे सगळं गांधीटोपी घालून. हातात बंदूक असली तरी टोपी सुटली नव्हती! मार्क्स यातल्या किती जणांनी वाचला असेल, याबद्दल मला दाट शंका आहे.

गंमत अशी, की ज्यांनी तो वाचला होता तो कम्युनिस्ट पक्ष बेचाळीसला 'चले जाव'च्या विरोधात होता. १९४१ च्या जूनमध्ये हिटलरनं रशियावर हल्ला केला आणि पक्षाच्या लेखी युद्ध 'लोकयुद्ध' झालं. मग इंग्रजांना अडवायचं कसं? पुढं कैक वर्षं काँग्रेसवाले हा टोमणा मारत राहिले, आणि तो बिनबुडाचा नव्हता.

तरीही प्रतिसरकारचे पुढारी क्रांतिसिंह नाना पाटील शेवटी त्याच पक्षात गेले. आधी काँग्रेस सोडून शेतकरी कामगार पक्ष, मग कम्युनिस्ट. १९५७ ला साताऱ्यातून आणि १९६७ ला बीडमधून ते त्या पक्षाचे खासदार झाले. येडेमच्छिंद्रचा हा पैलवान गडी पोथी वाचून तिकडं गेला असेल, असं मला वाटत नाही. स्वातंत्र्य आलं, पण कुळाचा आणि कर्जाचा प्रश्न जिथल्या तिथं. त्यावर जो बोलेल त्याच्या बाजूला नाना उभे राहिले, इतका सरळ हिशेब दिसतो. शेकापनं १९५० च्या दाभाडी प्रबंधात मार्क्सवाद स्वीकारला, पण कम्युनिस्टांच्या मागं फरफटत जायचं नाकारलं. तो वाद मोठा आहे, इथं पुरणार नाही.

सगळेच डावीकडं वळले असंही नाही. कुंडलहून सागरेश्वरच्या अंगानं गेलं की देवराष्ट्रे लागतं, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तेही भूमिगत होते. वसंतदादा पाटील २४ जुलै १९४३ ला सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. दोघंही काँग्रेसमध्ये राहिले आणि मुख्यमंत्री झाले. एकाच रानातल्या भाकरी खाल्लेली माणसं १९५७ ला समोरासमोर उभी ठाकली. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या लाटेत यशवंतराव कराडात कसेबसे निवडून आले. हल्लीच्या सत्कार समारंभांत या फाटाफुटीचं कुणी नाव काढत नाही; सगळे हार घालून एका रांगेत.

शेवटचा टप्पा वाळवा. नानांनी ६ डिसेंबर १९७६ ला देह ठेवला आणि त्यांचे अंत्यसंस्कार इथंच झाले. गाव प्रतिसरकारातलेच लढवय्ये नागनाथअण्णा नायकवडी यांचं. त्यांच्या साखर कारखान्याला नाव किसन अहिर यांचं. किसन अहिर आणि नानकसिंग २५ फेब्रुवारी १९४६ ला मणदूरच्या परिसरात पोलिसांशी झालेल्या चकमकीत पडले. कारखाना काढला म्हणजे अण्णा भांडवलदार झाले का, असा सवाल पूर्वी काही डावे मित्र करायचे. पण म्हातारपणी हेच अण्णा जी. डी. बापू, गणपतराव देशमुख आणि भारत पाटणकर यांच्यासोबत आटपाडीच्या पाणी परिषदांत उभे होते. मागणी समन्यायी पाणीवाटपाची, म्हणजे कृष्णाकाठच्या बागायतदारानं दुष्काळी तालुक्यांना वाटा द्यायचा. आणि अण्णांचं गाव तर कृष्णाकाठचंच.