वहीतल्या लाल खुणा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ‘नाटक जुनं, संवाद ठरलेले, मग वहीत लाल पेनानं खुणा कसल्या करता?’ गडचिरोलीतल्या वडशाकडे प्रयोगाला गेलो की हे कोणीतरी विचारतंच.

मी झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांत, प्रॉम्प्टर आहे. दिवाळीनंतर हंगाम लागतो, मंडईची जत्रा नाहीतर शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असलेल्या गावी रात्रभर नाटक चालतं. तालमीला वेळ थोडा, म्हणून नट माझ्या आवाजावर वाक्य उचलतो. मी जिथे श्वास घेतो तिथे तोही घेतो. माझा विराम चुकला की सगळ्या गावासमोर त्याचा चुकतो.

एका जुन्या नाटकाच्या नकलेत बापाच्या तोंडी ओळ होती, ‘जा आता घरी कोणी नाही’. उतरवणाऱ्यानं एकही चिन्ह घातलं नव्हतं. मी दिलं, ‘जा आता. घरी कोणी नाही.’ नटानं हात झटकून पोराला वाटेला लावलं. पुढच्या गावी मी अलीकडे थांबलो : ‘जा. आता घरी कोणी नाही.’ त्याचा उचललेला हात तसाच राहिला, ‘आता’वर आवाज बसला. समोर बसलेल्या बाया एकदम गप्प झाल्या. बायको गेलेला माणूस त्या ‘आता’त दिसला होता.

छापील पुस्तक असलं तरी हा प्रश्न सुटत नाही. शेक्सपिअरचा हॅम्लेट माणसाची थोरवी सांगतो, ते भाषण १६०४-०५च्या प्रतीत असं तुटतं की माणूस समजेत देवदूतासारखा ठरतो. १६२३च्या फोलिओत, म्हणजे त्याच्या नाटकांच्या एकत्र छापलेल्या ग्रंथात, तो कृतीत देवदूत आणि समजेत देव होतो. शब्द जवळपास तेच. शेक्सपिअर १६१६मध्येच गेला होता, आणि छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांचा हातही त्या चिन्हांवर फिरलेला. आमच्या सावनेरला जानेवारी १९१९मध्ये गडकरी गेले, त्यानंतर ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आला. विचारणार कोणाला?

म्हणून मी आधी छापलेलं चिन्ह जसंच्या तसं पाळून वाचतो. गडकऱ्यांच्या लांब वाक्यात तर पाळावंच लागतं. स्वल्पविरामावर आवाज पाडला की पुढचं सगळं वाक्य मेलंच. पूर्णविरामापर्यंत श्वास पुरवायला हवा. तसं वाचूनही पात्र बोलेना, तरच लाल पेन काढतो.

त्या वहीतला ‘जा’पुढचा ठिपका घामानं फिका पडतो. दरवर्षी हंगामाआधी मी तो पुन्हा गिरवतो.